बायोडेटातला चष्म्याचा रकाना

डोंबिवलीच्या चोवीस वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलं आहे. ती लोअर परळला एका कंपनीत नोकरी करते. तिसरीत असताना तिला चष्मा लागला. आज उजव्या डोळ्याचा नंबर मायनस सहा आहे, डाव्याचा पावणेसहा. घरात स्थळं पाहायला सुरुवात झाली आहे. दोन ठिकाणांहून ‘मुलगी छान आहे, पण चष्मा फार जाड आहे’ असा निरोप मध्यस्थाकरवी आला. तेव्हा आईने ठरवूनच टाकलं, की दिवाळीआधी लॅसिक, म्हणजे चष्मा घालवण्याचं लेझर ऑपरेशन, उरकून घ्यायचं, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर बायोडेटात ‘चष्मा : नाही’ असं लिहिता येईल आणि ऑपरेशनचं कुणाला सांगायची गरज पडणार नाही. बाबांचा मात्र सक्त विरोध आहे. ‘चांगले चालू डोळे लेझरने भाजून कशाला घ्यायचे?’ असं ते म्हणतात. एका सेंटरमध्ये तिची तपासणी झाली. ‘तुम्ही फिट आहात’ असं सांगण्यात आलं आणि आता महिनाअखेरीपर्यंत पैसे भरले तर सवलत मिळेल म्हणून रोज फोन येतो. तिला चष्म्याचा कंटाळा आला आहे आणि भीतीही वाटते आहे. ‘ताई, आईचं ऐकू की बाबांचं?’ असं तिने विचारलं आहे. रिपोर्टचा फोटोही सोबत पाठवला आहे.

प्रिय मैत्रिणी,

आई आणि बाबा, दोघांचीही काळजी तुझ्या पत्रातून कळते. पण दोघांनीही तुझा रिपोर्ट पाहिलेला नाही. या निर्णयात तुझ्या कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची) जाडी, नंबर स्थिर आहे की नाही आणि तुझी स्वतःची इच्छा या गोष्टींचं वजन त्या दोघांच्या मतांपेक्षा जास्त आहे. म्हणून आधी तुझ्या इच्छेबद्दल बोलते, मग रिपोर्टकडे येते.

तुझं जवळजवळ सगळं पत्र स्थळांबद्दल आहे. पण अगदी शेवटी, सही करण्याआधी तू लिहून गेली आहेस : ‘पावसात हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. सगळे कोकणकड्यावरून खाली बघत होते आणि मी काचा पुसायला ओढणीचं कोरडं टोक शोधत होते.’ मला तुझ्या पत्रातलं हे सगळ्यात खरं कारण वाटलं. मायनस सहाच्या डोळ्याला चष्मा काढला की वीतभर अंतरापलीकडचं काहीच स्वच्छ दिसत नाही. सकाळी उशीशेजारी चाचपडायचं, एसी लोकलमधून फलाटावर उतरलं की वाफ धरलेल्या काचांतून जिना शोधायचा, गर्दीत कुणाचं कोपर लागून चष्मा पडला तर तो पायाखाली जाण्याआधी उचलायचा, हे तू वर्षानुवर्षं करते आहेस. याचा कंटाळा येण्यात उथळ असं काहीही नाही. चष्मा नको असणं हे लॅसिक करण्याचं पुरेसं कारण आहे. त्यासाठी कुणाचा नकार यावा लागत नाही.

आता स्वतःला एक प्रश्न विचारून बघ. ते दोन निरोप आलेच नसते, तरी तुला हे ऑपरेशन हवं असतं का? तुझं उत्तर ‘हो’ येईल असा माझा अंदाज आहे. पण ते ‘हो’ कड्यावर उभं राहून दरी बघण्यासाठीचं असेल. त्याला दिवाळीची मुदत लागत नाही. घाई सगळी स्थळांच्या बाजूने आली आहे आणि डोळ्याच्या बाबतीत मला तीच खटकते.

लॅसिकने नेमकं काय होतं, ते घरात तिघांनी मिळून समजून घ्या. आई आणि बाबा दोघांच्याही मनात त्याबद्दल चुकीचं चित्र आहे. लांबचं न दिसणाऱ्या बहुतेकांचा डोळा पुढून मागे थोडा लांब असतो. त्यामुळे प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पोचण्याआधीच एकवटतो. डोळ्याची ही लांबी कमी करता येत नाही. पण डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम समोरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया करतो. त्याचा मधला भाग किंचित सपाट केला की प्रकाश मागे सरकून बरोबर पडद्यावर पडतो. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ थर, ज्याला फ्लॅप म्हणतात, झाकणासारखा उचलतात, खालचा भाग लेझरने घडवतात आणि तो थर परत जागेवर बसवतात.

बाबांना सांग, की यात भाजणं नसतं. हा एक्सायमर लेझर १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतो. ते कॉर्नियातल्या रेणूंचे बंध तोडतात आणि तेवढाच भाग निघून जातो. शेजारच्या भागाला जवळजवळ उष्णता पोचत नाही. हे ज्यांनी दाखवून दिलं, त्यांच्यातले एक चेन्नईत जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन होते. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लेझर घरून आणलेल्या टर्की पक्ष्याच्या शिल्लक मांसावर चालवून पाहिला आणि कडा न करपता स्वच्छ कापलेली जागा त्यांना दिसली. पुढे याच शोधातून डोळ्याची ही शस्त्रक्रिया उभी राहिली. ती चालू असताना एक विशिष्ट वास येतो आणि लोक घाबरतात, पण तो जळण्याचा वास नसतो. बाबांची भीती दूर व्हायला हे पुरे होईल की नाही, माहीत नाही. पण ‘चालू डोळ्याला हात कशाला लावायचा’ हा त्यांचा मूळ प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाऊ नये.

आईलाही एक गोष्ट सांगावी लागेल. या ऑपरेशनने चष्मा जातो, लांबट डोळा तसाच राहतो. मायनस सहा म्हणजे मोठा नंबर. अशा डोळ्यांत मागचा पडदा ताणलेला असतो. त्याच्या कडेला पातळ जागा असू शकतात, छिद्रं पडू शकतात, पडदा सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. लॅसिकने हा धोका कमी होत नाही. नंबर लागण्याची प्रवृत्ती काही प्रमाणात मुलांमध्ये येते, तीही तशीच राहते.

म्हणून बायोडेटातल्या त्या रकान्याबद्दल मला आईशी सहमत होता येत नाही. ‘चष्मा : नाही’ हे ऑपरेशननंतर खरंच असेल, तसं लिहायला काही हरकत नाही. पण ऑपरेशन लपवायचं म्हणजे काय करावं लागेल, याचा विचार करा. काही महिने दिवसातून अनेकदा डोळ्यांत थेंब घालायचे, तेही कुणी विचारलं की काहीतरी सांगून. शाळेपासूनचे सगळे फोटो चष्म्यातले आहेत. आणि उद्या तुझ्या मुलाला चौथीत चष्मा लागला, की सासरी कुणीतरी म्हणणारच, ‘आमच्याकडे कुणाला नव्हता हो.’ त्या दिवशी बोलणं डोळ्यांवर राहणार नाही, तू काय लपवलंस यावर जाईल. पहिल्या-दुसऱ्या भेटीतच सहज सांगून टाक : ‘मला मोठा नंबर होता, लॅसिक करून घेतलं आहे.’ हे ऐकून जो मागे सरेल, त्याच्याबद्दल तुला वेळेवर कळलं, एवढंच. आणि ज्यांना आजच तुझ्या काचांची जाडी खुपते आहे, त्यांच्या घरात उद्या आणखी काय काय मोजलं जाईल, याचाही विचार आईने करावा, असं मला मनापासून वाटतं.

आता रिपोर्ट. मी डोळ्यांची डॉक्टर नाही, पण या कागदावर काही गोष्टी अशा आहेत, की त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तू एक रुपयाही भरू नयेस.

पहिली गोष्ट तुझ्या पत्रातच आहे. तू लिहितेस, की हल्ली ऑफिसलाही कॉन्टॅक्ट लेन्स लावतेस आणि तपासणीच्या आदल्या रात्रीपर्यंत त्या डोळ्यांत होत्या. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. म्हणून सॉफ्ट लेन्स तपासणीआधी निदान एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहूनही जास्त दिवस बंद ठेवायला सांगतात. तुला कुणी विचारलंच नाही. म्हणजे रिपोर्टमधला कॉर्नियाच्या आकाराचा हा रंगीत नकाशा कदाचित तुझ्या खऱ्या कॉर्नियाचा नाहीच. ही तपासणी पुन्हा व्हायला हवी, मग सेंटर कोणतंही असो.

दुसरी गोष्ट नंबराची. गेल्या वर्षीचा कागद तू सोबत ठेवलास, हे फार चांगलं केलंस. तेव्हा उजवा डोळा साडेपाच होता, आज सहा आहे. वर्षभरात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक नसावा, असा साधारण नियम आहे आणि तू नेमकी त्या रेषेवर आहेस. नंबर वाढता असताना ऑपरेशन केलं, तर ऑपरेशननंतरही तो वाढतच राहतो आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा चष्मा दारात उभा राहतो. सहा महिने थांबून पुन्हा नंबर काढ. हलला नसेल तर पुढचं बोल.

तिसरी गोष्ट जाडीची, आणि इथे थोडा हिशेब करू. कॉर्निया मध्यभागी सरासरी ५४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाड असतो. तुझ्या रिपोर्टमध्ये उजव्या डोळ्याची सर्वात पातळ जागा ४९८ आहे. फ्लॅपसाठी साधारण ११० मायक्रॉन धर. साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळात एक नंबर घालवायला ढोबळमानाने १४ मायक्रॉन लागतात, म्हणजे सहा नंबरांना ८४. खाली उरले ३०४. निदान २५० उरलेच पाहिजेत हा जुना दंडक आहे, पण बरेच सर्जन आता ३०० च्या खाली जायला तयार नसतात. म्हणजे तू बसतेस, पण अगदी काठावर. शिवाय पुढे थोडा नंबर परत आला तर दुसऱ्यांदा लेझर करायला फारशी जागा शिल्लक नाही. फोनवरच्या माणसाने ‘फिट’ म्हणताना हे सांगितलं होतं का?

याला जोडूनच चौथी गोष्ट आहे आणि मला तिचीच सर्वात जास्त काळजी वाटते. ‘संध्याकाळी डोळे इतके खाजतात की चोळल्याशिवाय राहवत नाही,’ असं तू लिहिलं आहेस. डोळे चोळायची सवय आणि केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया हळूहळू पातळ होत पुढे शंकूसारखा येण्याचा आजार, यांचं जवळचं नातं आहे. हा आजार सुरुवातीच्या पायरीवर लपून असेल आणि त्यावर लॅसिक झालं, तर कॉर्निया आणखी कमकुवत होतो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. असं क्वचित होतं, पण ज्याचं होतं त्याची नजर कायमची बिघडू शकते. म्हणून फक्त समोरचा आकार दाखवणारी तपासणी पुरे नाही. कॉर्नियाची मागची बाजूही मोजणारी टोमोग्राफी झाली आहे का, ते विचार. पेंटाकॅम हे त्याचं ओळखीचं यंत्र. आणि खाज आधी बरी करून घे. ॲलर्जीची असेल तर त्यावर साधे थेंब मिळतात. ऑपरेशन होवो न होवो, डोळे चोळणं मात्र आजपासून बंद.

समज, सहा महिन्यांनी सगळं ठीक निघालं. तरी लॅसिक हा एकच रस्ता नाही. पीआरकेमध्ये फ्लॅप करतच नाहीत. वरचा नाजूक थर खरवडून काढतात, लेझर करतात, तो थर काही दिवसांत पुन्हा भरून येतो. पातळ कॉर्नियाला हे जास्त मानवतं. पण तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, नजर स्वच्छ व्हायला आठवडे लागतात आणि पुढचे काही महिने उन्हापासून जपावं लागतं. स्माइल नावाच्या पद्धतीत बारीक छेदातून आतली पातळ चकती काढून घेतात. त्यातही फ्लॅप नसतो, पण कॉर्निया कमी जातो असं नाही. तिसरा पर्याय डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगाच्या पुढे एक लेन्स बसवण्याचा. तिला आयसीएल म्हणतात. त्यात कॉर्निया घासावा लागत नाही आणि गरज पडली तर लेन्स काढता येते. मात्र तिला आत पुरेशी जागा लागते, ती महाग असते आणि डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया असल्याने तिचे धोके वेगळे आहेत.

तू रोज डोंबिवलीहून जलद लोकल पकडतेस. महिलांच्या डब्यात संध्याकाळी दारात काय होतं, ते तुला मी सांगायला नको. फ्लॅप वरून भरून आल्यासारखा दिसला तरी पूर्वीइतका घट्ट कधीच चिकटत नाही. जोराचं कोपर बसून तो वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणं आहेत. क्वचितच घडतं, पण कबड्डी-कराटे खेळणारी मुलं आणि तुझ्यासारख्या रोज गर्दी झेलणाऱ्या बायका यांनी फ्लॅप नसलेल्या पद्धतीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. माझा स्वतःचा कल तुझ्या बाबतीत तिकडेच आहे.

ऑपरेशन म्हणून भीती वाटते, त्याबद्दल थोडक्यात. इंजेक्शन नसतं, थेंबांनी डोळा बधिर करतात. दोन्ही डोळ्यांचं मिळून काम पाव-अर्ध्या तासात होतं आणि त्यातला लेझर एका डोळ्याला मिनिटभरही चालत नाही. डोळा स्थिर ठेवणारी रिंग दाबतात तेव्हा काही क्षण अंधारून येतं. ते आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. नंतरचे काही तास चुरचुर आणि पाणी, दुसऱ्या दिवशी तपासणी. नंतरचे दिवस जास्त महत्त्वाचे. तू दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसतेस. लॅसिकमध्ये कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात. त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि हे काही महिने चालतं, थोड्या लोकांना त्याहून जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने केलेल्या एका अभ्यासात, ज्यांना आधी दिव्यांभोवती वलयं, चकाकी, दुहेरी प्रतिमा असं काही नव्हतं, त्यांच्यातल्या ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी यातलं एक तरी नवं लक्षण जाणवत होतं. त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. हे दोन्ही आकडे एकत्र वाच. तू रात्री स्टेशनवरून स्कूटीने घरी जातेस, समोरून येणाऱ्या हेडलाइटचा विचार तुला करावाच लागेल.

पैशाचंही बोलू. सवलतीच्या फोनला उत्तर म्हणून एवढंच सांग, की फेरतपासणीशिवाय मी काही भरणार नाही. सांगितलेला भाव एका डोळ्याचा की दोन्हींचा, तपासण्या, औषधं, नंतरच्या भेटी आणि गरज पडल्यास दुसऱ्यांदा करावं लागणारं लेझर त्यात धरलं आहे का, हे लेखी घे. ऑपरेशन करणारे सर्जन स्वतः भेटून तुझा कॉर्निया दाखवत समजावून सांगणार नसतील, तर तिथून उठ. आरोग्य विम्याच्या भरवशावर राहू नकोस. साडेसातपेक्षा कमी नंबरासाठीचा हा खर्च आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये वगळलेला असतो. दुसरं मत घेताना जिथे लॅसिक होत नाही, अशा डॉक्टरांकडे जा. किंवा मुंबईतल्या केईएम, जेजे, सायन अशा सार्वजनिक रुग्णालयाच्या नेत्रविभागात जा. वेळ जातो, पण तुला ऑपरेशन विकण्यात तिथे कुणाला रस नसतो.

आणि चाळिशी सगळ्यांनाच लागते. आज तू चष्मा काढून पोथीतली बारीक अक्षरं वाचू शकतेस. लॅसिकनंतर पंचेचाळिशीत वाचायला चष्मा घ्यावा लागेल. ‘आयुष्यभर चष्म्याची कटकट नाही’ ही जाहिरात तेवढ्यापुरती खोटी आहे.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठीही थोडं सांगते. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर बदलतो, तेव्हा ही शस्त्रक्रिया करत नाहीत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, संधिवातासारखा आजार असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, तर ते आधी सांगा. पोलीस, सैन्य, रेल्वे यांची तयारी करणाऱ्यांनी आधी त्या पदाचे वैद्यकीय नियम वाचावेत. काही जागांना लॅसिक चालतं, काहींना नाही. आणि ज्यांचं होऊन गेलं आहे, त्यांनी आधीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवावेत. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढायला ते लागतात. काचबिंदूच्या तपासणीत डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून तिथेही ऑपरेशनचं सांगावं लागतं.

मैत्रिणी, आईला सरळ सांग, की ऑपरेशन मला करायचं आहे, पण दिवाळीआधी नाही आणि लपवून नाही. ती रागावेल. तुझे स्थळ नाकारले गेल्याचं दुःख तिला तुझ्यापेक्षा जास्त झालं आहे, ते तिला बोलू दे. तोपर्यंत एक तपासणी मात्र याच आठवड्यात करून घे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा पाहून घे. लॅसिक केलंस तरी ती दरवर्षी करायची आहे आणि नाही केलंस तरी. मध्येच कधी डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं झालं, अचानक काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. त्या थेंबांनंतर काही तास जवळचं अंधूक दिसतं, उजेड खुपतो, म्हणून एकटी जाऊ नकोस आणि गर्दीची लोकल घेऊ नकोस. बाबांना बरोबर घेऊन जा. चालू डोळ्याला हात का लावायचा, हे त्यांना डॉक्टरांनाच समोर बसून विचारू दे.